अंगावर घालायचा आभासी प्राणी: तो मरावा का, आणि आधी काय ठरवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून मनगटावर किंवा गळ्यात घालता येईल असा आभासी पाळीव प्राणी बनवायचा आहे. माणूस पाणी प्यायला, चालला, वेळेवर झोपला, औषध घेतलं की प्राणी खूश. नाहीतर तो आजारी पडतो, आणि दुर्लक्ष चालूच राहिलं तर मरतो. डिस्प्ले कोणता घ्यावा, सेन्सर कोणते, आणि मरण ठेवावं की नाही, हे तुम्ही विचारलं आहे. अंगावर घालायची उपकरणं बनवण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत.

मरण ठेवू नका. आजारपणही ठेवू नका.

मरणाची कल्पना आपल्याकडे तामागोचीवरून आली. जपानच्या बान्दाई कंपनीने ती नोव्हेंबर १९९६ मध्ये बाजारात आणली. ३२ बाय १६ ठिपक्यांचा पडदा, तीन बटणं, किल्लीच्या साखळीला लटकणारं अंड्याएवढं खेळणं. दुर्लक्ष झालं की प्राणी मरायचा. जपानी खेळण्यात शेवटी भूत आणि थडगं दिसायचं, अमेरिकेत विकलेल्या खेळण्यात मात्र तो देवदूत व्हायचा. पोरं ते शाळेत न्यायला लागली आणि कितीतरी शाळांनी त्यावर बंदी घातली. त्या खेळात मरण शोभतं, कारण तिथे प्राण्याची काळजी घेणं हाच खेळ आहे आणि हरण्याची भीती नसेल तर खेळाला मजा नाही. तुमच्या उपकरणात काळजी घ्यायची आहे ती माणसाची. ज्या आठवड्यात माणूस तापाने पडलेला आहे, घरात कुणी दवाखान्यात आहे किंवा मन इतकं खचलंय की अंथरुणातून उठवत नाही, नेमका त्याच आठवड्यात तुमचा प्राणी मरणार. ज्याला आधाराची सर्वात जास्त गरज आहे त्याच्या अंगावर आणखी एक अपराध टाकायचा, असा त्याचा अर्थ होतो. हे मला मनापासून पटत नाही.

आणि हे फक्त माझं मत नाही. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘फिश अँड स्टेप्स’ नावाचा प्रयोग प्रसिद्ध केला. ऑफिसातल्या माणसांच्या पावलांवर पडद्यावरचा मासा वाढायचा, पावलं कमी पडली की तो रडवेला व्हायचा. काही जणांनी मासा उदास असल्यावर त्याच्याकडे बघणंच टाळलं. ज्या दिवशी आठवण हवी, नेमकी त्याच दिवशी नजर वळवली. दोन वर्षांनी आलेल्या ‘युबिफिट गार्डन’ या प्रयोगात फोनच्या पडद्यावर बाग होती. व्यायाम केला की फूल उमलायचं, नाही केला तर बाग नुसती मोकळी राहायची. काही सुकत नव्हतं, काही मरत नव्हतं. तुम्ही या दुसऱ्या वाटेने जा. स्वतःची काळजी घ्यायला मदत करणाऱ्या हल्लीच्या ‘फिंच’ अ‍ॅपमधला पक्षीसुद्धा मरत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. असं उपकरण बनवणारे बहुतेक जण आधी पहिला दिवस रंगवतात: अंडं फुटतं, नाव ठेवायचं, टाळ्या. तुम्ही आधी ‘परत येण्याचा दिवस’ रंगवा. कारण प्रत्येक माणूस कधी ना कधी पट्टा काढून ठेवणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायच्या दिवसांचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ असल्याचं त्यातून दिसलं, पण माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हा त्यातला सर्वात उपयोगी निष्कर्ष. म्हणजे ‘सलग इतके दिवस’ असा आकडा दाखवून आणि तो शून्यावर आणून आपण विनाकारण नुकसान करतो. सवय मोडलेली नसते, मोडतो तो फक्त आकडा. पण माणूस आकड्याकडे बघून म्हणतो, ‘गेलं सगळं,’ आणि सोडून देतो.

परत येण्याचा दिवस मी कसा आखतो ते जवळून सांगतो. समजा, वापरणाऱ्या बाईंना ताप आला आणि पट्टा सहा दिवस कपाटावर पडून राहिला. सातव्या दिवशी त्यांनी तो चार्ज करून हातात घातला. पहिली चौकट (फ्रेम): प्राणी अंगाची गुंडाळी करून झोपलाय. दुसरी: एक कान वर होतो, एवढंच. तिसरी: डोळे उघडतात, झोपेत डोळ्याच्या जागी दोन ठिपक्यांची आडवी रेघ असते, तिचा दोन बाय दोनचा चौकोन होतो. चौथी: तो उठतो, अंग ताणतो. पाचवी: पडद्याच्या कडेपर्यंत येऊन बसतो, बघत. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. पडद्यावर एकही आकडा नाही. किती दिवस गेले, किती पेले राहिले, काही नाही. आणि त्या दिवशी तो काहीही मागत नाही. दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट मागतो, आधीच्या चार नाही.

कोडमध्ये यासाठी शेवटचं कधी घातलं होतं ती वेळ जपून ठेवायची. मधली फट दीड दिवसाहून मोठी असेल तर वेगळी अवस्था सुरू करायची आणि द्यायच्या राहून साठलेल्या सगळ्या आठवणी (रिमाइंडर) पुसून टाकायच्या. हे पुसणं विसरू नका. नाहीतर उपकरण सुरू होताच चुकलेले सगळे टायमर एकापाठोपाठ एक वाजतात आणि तापातून उठलेल्या माणसाच्या हातावर सहा दिवसांची थरथर एकदम सुरू होते.

याच विचाराने प्राण्याची मनःस्थिती साठवायची पद्धतही बदलते. वेळेबरोबर खाली घसरणारा ‘भूक’ किंवा ‘आरोग्य’ असा आकडा ठेवूच नका. दोन गोष्टी पुरतात. एक, आजची तरतरी, जी रोज नव्याने सुरू होते. दुसरी, ओळख, जी फक्त वाढते. ओळख वाढली की प्राण्याला नव्या सवयी लागतात: तो कोपऱ्यात बसायला लागतो, पाऊस पडला की वर बघतो, रविवारी उशिरा उठतो. या गोष्टी आधी जाहीर करू नका आणि त्यांना किंमतही लावू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना चित्र काढल्याबद्दल प्रशस्तिपत्राचं आश्वासन दिलं होतं, त्यांचा स्वतःहून चित्र काढण्याचा ओढा नंतर कमी झाला. न सांगता बक्षीस मिळालेल्या मुलांचा तसा कमी झाला नाही. नाणी, पॉइंट, दुकान हे सगळं म्हणूनच मी टाळतो.

‘दिवस’ मध्यरात्री बदलू नका. रात्रपाळीच्या नर्सचा किंवा वॉचमनचा दिवस बारा वाजता संपत नाही. माणूस सर्वात लांब झोप घेऊन उठला की नवा दिवस, असं धरा.

सेन्सरकडे येऊ. तुमच्या यादीत चार गोष्टी आहेत आणि त्यातली एकच मनगटावरून बऱ्यापैकी मोजता येते, ती म्हणजे चालणं. तीसुद्धा जपून. पोळ्या लाटताना, कपडे घासताना, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवताना अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर, पावलं मोजत राहतो. उलट दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मंडईतून घरापर्यंत चालत आलात तर बरीच पावलं हुकतात. म्हणून आकडा दाखवू नका, प्राण्याच्या वागण्यातून अंदाज दाखवा. ‘आज बरंच फिरलो’ एवढं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की पुरे. दहा हजार पावलांचं लक्ष्यही ठेवू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये यामासा कंपनीने विकलेल्या ‘मानपो-केई’ या पाऊलमापकापासून रूढ झाला, वैद्यकीय अभ्यासातून नाही. त्या माणसाच्या मागच्या चौदा दिवसांचा मध्यक घ्या आणि त्याहून किंचित वर लक्ष्य ठेवा. सरासरी नको, मध्यकच. कुणी दोन दिवस वारीत चालून आलं तर सरासरी एकदम वर चढते आणि घरी आल्यावर बिचाऱ्याला रोज हरल्यासारखं वाटतं. मध्यक तेवढा हलत नाही.

पाणी पिणं मनगटाच्या हालचालीवरून ओळखण्याच्या नादी लागू नका. बटण द्या. माणूस खोटं दाबेल अशी शंका येईल, पण तो कुणाला फसवणार? उपकरण त्याचंच, घोटही त्याचाच. मात्र ‘दिवसाला आठ पेले’ असं आधीपासून भरून ठेवू नका. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या काही रुग्णांना डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातलेली असते. आणि ‘आज नको’ हे एका दाबात सांगता आलं पाहिजे. निर्जळी एकादशी, रोजा, उद्या सकाळी रक्ततपासणी, प्रवास, कारण काहीही असो. प्राण्याने कारण विचारू नये. त्या दिवशी त्यानेही शांत बसावं.

झोपेचं मोजमाप त्याहून कच्चं आहे. हाताच्या हालचालीवरून झोप मोजणारी यंत्रं निवांत जागं पडून राहणंही झोप म्हणून धरतात. फोन छातीवर ठेवून तासभर व्हिडिओ बघणारा माणूस त्यांच्या लेखी झोपलेला असतो. म्हणून झोपेला गुण देऊ नका. त्याऐवजी प्राणी ठरलेल्या वेळेला जांभया देऊ लागतो, मग झोपतो, आणि झोपल्यावर बटण दाबलं तरी फक्त कूस बदलतो. रात्री तुमचं उपकरण कंटाळवाणं असलं पाहिजे.

औषधाचा प्राण्याच्या आनंदाशी काहीही संबंध ठेवू नका, हे मी ठामपणे सांगतो. प्राण्याला नाचताना बघायला कुणी दुसऱ्यांदा बटण दाबेल, किंवा घेतल्याचं आठवत नाही म्हणून दुसरी गोळी घेईल. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळीत हे जिवावर बेतू शकतं. औषधासाठी फक्त साधी नोंद ठेवा: ‘सकाळी ८.१०, घेतलं.’ अक्षरं मोठी, प्राणी बाजूला. प्रोजेक्टमधून औषध पूर्ण वगळलंत तरी मला वाईट वाटणार नाही, उलट काम नीटस होईल.

आठवण कधी द्यायची, यावर घड्याळापेक्षा प्रसंग बरा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा बांधणीचा निश्चय नुसत्या इराद्यापेक्षा जास्त टिकतो, हे मांडलं. आपल्या घरात असे खुंटे, म्हणजे सवय अडकवून ठेवायचे प्रसंग, भरपूर आहेत. सकाळचा चहा गॅसवर ठेवला की तो उकळेपर्यंत एक पेला पाणी. जेवणानंतर ताट घासून ठेवलं की दहा मिनिटं फेरी. सुरुवातीला माणसालाच दोन-तीन खुंटे निवडू द्या. सकाळी हालचाल सुरू झाल्यावर काही मिनिटांनी प्राणी स्वतःच पेला पुढे घेऊन बसतो. ‘प्या’ असं म्हणत नाही. माणसाने बटण दाबलं की दोघं बरोबर पितात. हे बरोबरीनं करणं मला फार महत्त्वाचं वाटतं. प्राण्याला खाऊ घालण्यात माणूस नोकर होतो, प्राण्याने हुकूम सोडण्यात माणूस कैदी होतो. सोबत करण्यात दोघांचीही पायरी सारखी राहते.

आता हार्डवेअर. डिस्प्ले शार्पचा मेमरी एलसीडी घ्या, १.२८ इंची, १२८ बाय १२८ ठिपके, काळा-पांढरा. पूर्ण चौकट २ केबीत मावते आणि चित्र स्थिर असताना तो अगदी नगण्य वीज खातो. उन्हात स्पष्ट दिसतो. अंधारात दिसत नाही, आणि वर सांगितलेल्या रात्रीसाठी तेच हवं आहे. स्वस्तात मिळतो म्हणून ०.९६ इंची ओएलईडी घेण्याचा मोह होईल. तो दहा मिलिअ‍ॅम्पियर घेत राहिला तर १५० एमएएचची (मिलिअ‍ॅम्पियर-तासांची) बॅटरी पंधरा तासांत संपते. तुम्हाला निदान तीन आठवडे हवेत. तीन आठवडे म्हणजे ५०४ तास, म्हणजे सरासरी खर्च ३०० मायक्रोअ‍ॅम्पियरच्या आत. हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवा. चार्जिंग हे पट्टा काढण्याचं सर्वात मोठं निमित्त असतं, आणि काढलेला पट्टा पुन्हा हातात जाईलच याची खात्री नसते.

प्रोसेसर नॉर्डिकचा एनआरएफ५२ घराण्यातला घ्या. अ‍ॅक्सेलरोमीटर बॉशचा बीएमए४००, त्यात पावलं मोजण्याची सोय चिपमध्येच आहे, त्यामुळे प्रोसेसर बहुतेक वेळ झोपून राहतो. प्राण्याची अवस्था फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, साठवा, पण दर मिनिटाला नको. या चिपच्या फ्लॅशचं एक पान सुमारे १०,००० वेळा पुसता येतं. दिवसाची मिनिटं १,४४०. एकाच पानावर दर मिनिटाला पुसून लिहिलंत तर सातव्या दिवशी ती मर्यादा गाठली. काही बदललं तरच लिहा आणि पानं आलटून पालटून वापरा. बॅटरी संपल्यावर प्राणी माणसाला विसरला, तर त्यानेही मरणाइतकंच मन तुटतं.

व्हायब्रेशन मोटरचा हिशेब गंमतशीर आहे. ७० मिलिअ‍ॅम्पियर, ०.४ सेकंद, दिवसातून आठ वेळा: एकूण ०.०६ एमएएच. तीन आठवडे टिकण्यासाठी तुमच्याकडे दिवसाला ७ एमएएच आहेत, म्हणजे मोटर शंभरदा वाजवली तरी बॅटरीची तक्रार नाही. माणसाची मात्र तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच तक्रार येते. मी दिवसाला तीनच्या वर थरथर ठेवत नाही, आणि माणसाने सलग दोन आठवणींकडे लक्ष दिलं नाही तर त्या दिवशी तिसरी देत नाही. थरथरीला फोनपेक्षा वेगळा ठेका द्या. एक हलकी, थोडा थांबा, मग एक थोडी लांब. फोनसारखी सलग गुरगुर आली की माणूस ऑफिसचा मेसेज समजून दचकतो.

बटण सेल टाळा. सीआर२०३२ मध्ये २०० एमएएचच्या वर क्षमता असते खरी, पण मोटरचा झटका तो देऊ शकत नाही. व्होल्टेज कोसळतं आणि प्रोसेसर रीसेट होतो. त्याहून मोठं कारण म्हणजे लहान मूल. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत दोन तासांतच गंभीर जखम करू शकतो. बटण सेल वापरायचाच असेल तर झाकण स्क्रूचं हवं, नखाने उघडणारं नको. लिथियम पॉलिमर बॅटरी वापरताना बाजारात मिळणारा टीपी४०५६ या चार्जिंग चिपचा बोर्ड जसाच्या तसा जोडू नका. त्यावरच्या १.२ किलोओहमच्या रेझिस्टरमुळे तो १ अ‍ॅम्पियरने चार्ज करायला बघतो. १५० एमएएचच्या बॅटरीला ते धोक्याचं आहे. १० किलोओहम बसवलात तर करंट १३० मिलिअ‍ॅम्पियरपर्यंत येतो.

कुठे घालायचं? मनगटच हवं असं नाही. स्वयंपाकघरात हात सतत ओला, कणकेत. बांगड्या आणि घड्याळ यांच्यात आणखी एक पट्टा नकोसा होतो. साडीला, बऱ्याच कुर्त्यांना खिसा नसतो. ओढणीला किंवा पदराला लावता येईल अशी क्लिप आणि तीच डबी बसणारा पट्टा, असे दोन्ही पर्याय द्या. गळ्यातली दोरी दिलीत तर ओढ बसल्यावर सुटणारी कडी हवीच. त्वचेला लागणाऱ्या बकलमध्ये निकेल नको, आपल्याकडच्या घामात त्याने खाज सुटते.

फोनशी जोडायची गरज नसेल तर जोडू नका. कुणी किती वाजता झोपलं, किती दिवस घराबाहेर पडलं नाही, ही माहिती उपकरणातच राहिलेली बरी. मुलांसाठी बनवत असाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आधी वाचा. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला त्यात मनाई आहे. पुढे विकायचा विचार झाला तर ब्लूटूथसाठी डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची) मान्यता आणि बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी बघावी लागेल. प्रोजेक्टपुरतं आधीच प्रमाणित असलेलं मॉड्यूल घ्या.

पण सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी एक करा. बँगल जेएस २ नावाचं तयार घड्याळ मिळतं, त्यात हाच प्रोसेसर आहे, मेमरी एलसीडी आहे आणि ते जावास्क्रिप्टमध्ये चालवता येतं. प्राणी आधी त्यावर जिवंत करा. पाच-सहा जणांना निदान महिनाभर घालायला द्या, कारण पहिले दोन आठवडे नुसती नवलाई असते. सगळे इंजिनिअरिंगचे मित्र नकोत. एखादी रात्रपाळीवाली, एखादे निवृत्त काका, घरी लहान बाळ असलेली एखादी आई घ्या. त्यातला एखादा जण पट्टा काढून ठेवेलच. त्याच्याकडे सर्वात आधी जा, आणि ‘का काढलात?’ असं न विचारता काढला त्या दिवशी घरात काय चाललं होतं ते ऐकून घ्या. मग पट्टा चार्ज करून त्याच्यासमोर ठेवा आणि पहिल्या दोन सेकंदांत पडद्यावर नाही, त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते टिपून घ्या. त्या नोंदींवरून चौकटी पुन्हा काढा आणि मगच पीसीबीची (छापील सर्किट बोर्डाची) ऑर्डर द्या.